पाटी हरवलेले गुलाब

सार्वजनिक गुलाबबागेत स्वयंसेवक व्हायचं ठरवलं तेव्हा डोळ्यांसमोर जे चित्र होतं, त्यात मी कोवळ्या उन्हात उभा राहून फुलांचा वास घेत होतो. पहिल्या रविवारी हातात एक सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, एक घमेलं आणि कोपरापर्यंत येणारे हातमोजे मिळाले. मुख्य माळी, ज्यांना सगळे दादा म्हणतात, एवढंच म्हणाले, "वाळलेली फुलं काढा. ताज्याला हात लावायचा नाही." पुढचे तीन महिने मी ताज्या फुलाला हात लावला नाही.

वाळकं फूल काढायचं म्हणजे नुसतं बोंड खुडायचं नाही, हे समजायलाच दोन रविवार गेले. पाकळ्या गळल्या की बुडाशी फळ धरू लागतं, आणि फळ धरलं की झाड निवांत होतं. पुढचा बहर लांबतो. म्हणून फळ पोसायच्या आत फूल उतरवायचं. पण नुसती मान मोडली तर खालच्या बारीक काडीतून तसाच किडकिडीत फुटवा येतो. फुलाखालची पहिली एक-दोन पानं बहुधा तीन पर्णिकांची, म्हणजे एकाच देठावर तीन छोट्या पानांची, असतात. आणखी खाली उतरलं की पाच पर्णिकांचं धड पान लागतं. त्या पानाच्या बगलेतला डोळा, म्हणजे नवा फुटवा जिथून येतो तो बारीक कोंब, झुडपाच्या बाहेर तोंड करून असेल, तर त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका काप द्यायचा. डोळा आतल्या बाजूला वळलेला असेल तर एक पान खाली. हे सगळं एका फुलासाठी, आणि माझ्या वाट्याच्या वाफ्यात सत्तर झाडं. घोसाने फुलणाऱ्या फ्लोरिबंडांची तऱ्हा आणखी निराळी: आधी घोसातली एकेक काढत राहायची, सगळा घोस संपला की दांडाच उतरवायचा. पहिल्या महिन्यात रात्री डोळे मिटले की मला पाच पर्णिका दिसायच्या.

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. चुका शोधणं हा पोटापाण्याचा धंदा होता, त्यामुळे हे काम मला लवकर जमेल असं मी मनाशी धरून चाललो होतो. दुसऱ्या महिन्यात तो भ्रम गेला.

वाफ्याच्या टोकाला एक झाड अर्धं सुकलेलं होतं. एका रविवारी पाहतो तर बुंध्यापासून पोपटी रंगाचा एक तरतरीत फुटवा सरळ वर निघालेला. मला वाटलं, झाड जगलं. मी त्याला काठी बांधली, आळं मोठं करून दिलं, दर खेपेला आधी त्याच्याकडे जाऊन यायचो. महिना-दीड महिन्यात तो माझ्या खांद्याला लागला, पण कळीचं नाव नाही. बरोबरच्या स्वयंसेवकांना मी तो कौतुकाने दाखवत होतो. दादा आले, काही न बोलता खाली बसले आणि खुरप्याने बुंध्याची माती बाजूला केली. जमिनीलगत मुठीएवढी गाठ होती. फुटवा त्या गाठीच्या खालून निघाला होता.

बागेतला बहुतेक प्रत्येक गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली काटक मुळांचा जंगली खुंट, वर आपल्याला हव्या त्या जातीचा भरलेला डोळा. गाठ ही त्या दोघांची सोयरीक. गाठीच्या वरून जे येतं ते आपलं, खालून येतं ते खुंटाचं. मी दीड महिना खुंटाची सेवा केली होती, आणि त्या गडबडीत वरचं कलम वाळून कोळ झालं होतं. दादांनी तो फुटवा सिकेटरने कापला नाही. मुळापाशी धरून खाली हिसडा देऊन उपटला. "कापला तर बुडाशी डोळे राहतात. एकाचे चार होतात," एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मी कुठेतरी वाचलेला नियम त्यांच्यापुढे ठेवला, की सात पर्णिका म्हणजे खुंट आणि पाच म्हणजे गुलाब. त्यांनी शेजारच्याच झाडाचं एक पान खुडून हातात दिलं. सात पर्णिका. झाड अस्सल कलमाचं. तो नियम पुष्कळांना तोंडपाठ आहे आणि त्याच्या जिवावर चांगले फुटवेही उपटले जातात. माती उकरून फुटवा कुठून निघाला ते बघणं, याला दुसरा पर्याय नाही.

छाटणी झाली आणि बागेत नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा मला पाट्यांचं काम मिळालं. सार्वजनिक बागेत पाटी टिकत नाही. शाई उन्हाने उडते, गवत कापणाऱ्या यंत्राखाली खुंट्या मोडतात, पाण्याच्या नळीने उखडतात, मुलं खेळायला नेतात. उखडलेली पाटी सापडली की कुणीतरी सज्जन माणूस ती जवळच्या झाडाशी खोचून जातो. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. हरवलेली पाटी निदान खोटं बोलत नाही. बाग सांभाळणाऱ्यांपैकी कुणाला तरी माझा जुना धंदा आठवला आणि नोंदवही माझ्यापुढे आली: "तुम्ही प्रुफं तपासायचात ना? मग हे तपासा."

वहीत ६४ जाती होत्या. पहिल्या आठवड्यात मी झाडांकडे न जाता वहीच वाचली, कारण ते मला येत होतं. 'आइसबर्ग', 'श्नेविटशेन' आणि 'कॉर्बिन' अशा तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. तिन्ही एकच. जर्मनीच्या राइमर कॉर्डेस यांनी १९५८ मध्ये आणलेला हा पांढरा फ्लोरिबंडा त्यांच्या भाषेत श्नेविटशेन, म्हणजे आपली हिमगौरी, इंग्रजीत आइसबर्ग, आणि कॉर्बिन हे त्याचं नोंदणीचं सांकेतिक नाव. अशा नावांत पहिली तीन रोमन अक्षरं पैदासकाराची असतात: कॉर्डेसचं 'कॉर', मेयाँचं 'मेइ', डेव्हिड ऑस्टिनचं 'ऑस'. ही खूण कळली की वही निम्मी उलगडते. 'सुपर स्टार' आणि 'ट्रॉपिकाना' हेही दोन नव्हते. टांटाऊ यांचा १९६० चा तोच शेंदरी गुलाब, समुद्राच्या अलीकडे एक नाव आणि पलीकडे दुसरं.

'पीस'ची वहीत तीन नावं निघाली. फ्रान्सिस मेयाँ यांनी हे झाड दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तयार केलं आणि त्याचे डोळे वेगवेगळ्या देशांत पाठवले. मग युद्धाने पत्रव्यवहार तुटला आणि ज्याने त्याने आपापल्या परीने बारसं केलं. फ्रान्समध्ये फ्रान्सिसच्या आईवरून 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया डेई', इटलीत 'जोइया', आणि अमेरिकेत १९४५ साली, युद्ध संपता संपता, 'पीस', म्हणजे शांती. देवनागरीत मात्र या नावाने घोटाळा केला आहे. एका आजींनी पाटी वाचून मला विचारलं, "पीस? पिसासारख्या मऊ पाकळ्या म्हणून का हो?" मी नाही म्हणालो नाही.

सगळा जमाखर्च करून ६४ ची संख्या ५९ वर आली. आता त्यांतला कोण कुठे उभा आहे ते बघायचं होतं, आणि फूल एकही नव्हतं. छाटणीपासून बहरापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मी म्हटलं, फुलं येऊ देत, मग बघू. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही बाई म्हणतो, हसल्या. "फुलावर भरवसा ठेवून बसलात तर आणखी दहा वर्षं बसाल."

तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. आता तेच मी नव्या माणसाला सांगतो. फूल ही गुलाबाची सर्वांत कमी भरवशाची ओळख. 'डबल डिलाइट'च घ्या. साय रंगाची कळी उमलते आणि कडांपासून लाल चढत जातो. पण हा लाल उन्हातल्या अतिनील किरणांवर ठरतो. तेच झाड झाडाच्या सावलीत ठेवा, फूल जवळजवळ पांढरंच राहील. 'पीस'च्या पिवळ्यावर कधी गुलाबी कड ठळक असते, कधी शोधावी लागते. 'आइसबर्ग' गारठ्यात आणि दमट हवेत कळीवर गुलाबी झाक धरतो आणि लोक म्हणतात, "हा पांढरा कुठे?" सकाळी काढलेला फोटो आणि तिसऱ्या दिवशीच्या दुपारचा फोटो शेजारी ठेवले तर दोन जाती वाटाव्यात.

त्याउलट काडी बघा. 'क्वीन एलिझाबेथ' बिनफुलांचीही दुरून ओळखू येते: सगळ्यांच्या डोक्यावरून सरळ गेलेली, फांद्या पसरण्याऐवजी ताठ उभ्या. १९५४ मध्ये ती आली तेव्हा हायब्रीड टी (दांड्यावर बहुधा एकच मोठं फूल देणारा वर्ग) म्हणावं की फ्लोरिबंडा, हे ठरेना, म्हणून 'ग्रँडिफ्लोरा' नावाचा नवा वर्गच काढावा लागला. 'आइसबर्ग'च्या काड्या सडसडीत, फिकट हिरव्या, काटे तुरळक. 'पीस'चं पान मोठं, जाडसर, तेल लावल्यासारखं चकचकीत. मग काट्यांची ठेवण: सरळ की खाली वळलेले, एका आकाराचे की मधेमधे बारीक केसांसारखे, कोवळे असताना लाल की हिरवे. गुलाबाचा काटा लिंबाच्या काट्यासारखा आतून आलेला नसतो. लिंबाचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी. गुलाबाचा नुसता सालीचा उंचवटा. अंगठ्याने आडवा दाब दिला की तो टक् करून निखळतो आणि मागे बदामाच्या आकाराचा छोटा ओला वण उरतो. हा टक् आवाज पुढे कलमाचे डोळे भरताना फार उपयोगाला आला.

कळ्या आल्या तेव्हा बाईंनी आणखी एक गंमत दाखवली. कळीखालची पाच हिरवी निदलं मोजायला सांगितली. मोजली. "आता एकेकाची कड बघा." दोन निदलांना दोन्ही कडांनी झालर, दोघांची कड एकदम साफ, आणि पाचव्याला एकाच बाजूला झालर, दुसरी बाजू साफ. मी दुसरी कळी बघितली. तेच. कळीत ही पाच एकमेकांवर कशी दुमडून बसतात त्याचा हा परिणाम: जी कड बाहेर उघडी राहते तिला झालर फुटते, जी शेजाऱ्याखाली दबते ती साफ राहते. यावर लॅटिनमध्ये जुना उखाणा आहे, पाच भावांचा: दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धीच. जात ओळखायला याचा काही उपयोग नाही. तरी त्या दिवशी मी दोन तास दुसरं काही केलं नाही.

खरी परीक्षा सातव्या वाफ्यात झाली. तिथे ओळीने तीन गडद लाल झाडं होती आणि वहीत त्या वाफ्यासमोर तीन नावं: 'मिस्टर लिंकन', 'ओक्लाहोमा', 'पापा मेयाँ'. पाटी एकही नाही. तिघांची फुलं मखमली, तिघांना भरपूर वास. मी तीन पुस्तकांतून तिघांची वर्णनं उतरवून काढली. ती एकमेकांच्या जागी ठेवली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. मग आईबापांचा रकाना पाहिला आणि कपाळाला हात लावला. तिघांचे आईबाप तेच: 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'शार्ल मालेरँ'. ही सख्खी भावंडं आहेत. दोन अमेरिकेत स्विम आणि वीक्स या जोडीने १९६४ मध्ये आणली, एक फ्रान्समध्ये मेयाँ घराण्याने १९६३ मध्ये. महासागराच्या दोन काठांवर तोच संकर झाला आणि जवळजवळ एकाच वेळी बाजारात आला. आता साठ वर्षांनी त्यांना वेगळं करायचं काम माझ्याकडे.

मी वही केली आणि दर रविवारी तिघांची हजेरी लावायला लागलो. उंची, पानं, कळी, पाकळ्या, वास, रोग. पाकळ्या मोजायला गळायला आलेलं फूल लागतं. ते कागदावर झटकायचं आणि दहा-दहाचे ढीग लावायचे. डावीकडच्या झाडाच्या चार फुलांत ३२ ते ३७ भरल्या. मधल्याच्या ४६, ४९, ५१. उजवीकडच्याच्या पुन्हा तिशीच्या वर. मधलं फूल थोराड होतं, स्वतःच्या भाराने किंचित मान टाकणारं, आणि सर्वांत काळपट. तो 'ओक्लाहोमा', यावर दादा, बाई आणि मी तिघांचं एकमत झालं. आमचं एकमत ही बागेतली दुर्मीळ गोष्ट.

उरलेल्या दोघांना रोगाने वेगळं केलं. थंड रात्री आणि उबदार दिवस सुरू झाले तशी भुरी आली. उजवीकडच्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठावर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर चढला. डावीकडचं झाड त्याच ओळीत, त्याला नावापुरती. 'पापा मेयाँ' भुरीला हळवा, हे जुन्या माळ्यांना ठाऊकच असतं. शिवाय डावीकडचं झाड वाढायला ताडमाड, फुलाचा दांडा लांब सरळ, आणि कळी भराभर उमलून जाते. ते लिंकन. सगळा मिळून चार महिन्यांचा तपास. पाटीवर मात्र प्रत्येकी एक ओळ.

या 'पापा मेयाँ'चं एक कौतुक सांगण्यासारखं. गुलाबाचा वास नेमका कशाने तयार होतो याचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञांनी घेतला, तेव्हा त्यांनी हा दरवळणारा 'पापा मेयाँ' आणि जवळजवळ बिनवासाचा 'रूज मेयाँ' शेजारी ठेवून तुलना केली. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की फरक एका विकराचा आहे, जो इतर वासाच्या फुलांत असं काम करताना कुणाला दिसला नव्हता. आणि घरगुती बाब म्हणजे, हे 'पापा' कोण? फ्रान्सिसचे वडील आंत्वान. 'मादाम ए. मेयाँ'मधला 'ए' तोच. म्हणजे तिसऱ्या वाफ्यातली 'पीस' आणि सातव्यातला हा नवराबायको. मी हे पाटीवर लिहायचा आग्रह धरला होता. तो फेटाळला गेला. नावाचा उच्चार 'मेयाँ' लिहायचा की माळी म्हणतात तसा 'मिलँड', यावर मात्र मी जिंकलो, आणि तरीही सगळे मिलँडच म्हणतात.

पिवळ्यांच्या वाफ्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे मी बहुतेक वेळ गळलेली पानं गोळा करण्यात घालवला. काळे ठिपके म्हणजे पिवळ्या गुलाबांच्या पाचवीला पुजलेले. याचं मूळ १९०० सालात आहे. ल्योंचे पेर्ने-द्युशे यांनी एका पिवळ्या पर्शियन गुलाबाचा संकर करून 'सोलेय द'ऑर' आणला, आणि हायब्रीड टीमध्ये गडद पिवळा रंग त्या वाटेने आला. रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांचा हळवेपणाही आला. बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं लागतं. म्हणून आम्ही पाणी सकाळी देतो, तेही आळ्यात, पानांवर नाही. आणि पडलेलं प्रत्येक ठिपक्याचं पान उचलून बागेबाहेर. संध्याकाळी हौसेने झाडांवर फवारा मारणारा एक नवा स्वयंसेवक होता. दोन आठवड्यांत त्याच्या ओळीला पानं उरली नाहीत. त्याला मी माझ्या खुंटाची गोष्ट सांगितली. तो थोडा सावरला.

लोक मात्र पिवळ्यांकडे बघत नाहीत. त्यांना काळा गुलाब हवा असतो किंवा निळा. काळ्यासाठी मी 'ओक्लाहोमा'ची कळी दाखवतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बरीचशी तशी दिसते आणि माणूस खूश होऊन जातो. निळ्याचं कठीण आहे. 'ब्लू मून' समोर उभं राहून लोक म्हणतात, "हा तर जांभळा." खरंच आहे. निळ्या फुलांत डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि गुलाबाला ते करताच येत नाही, मग कितीही पिढ्या संकर करा. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनबरोबर पॅन्सीचं जनुक घालून ते करवून घेतलं, २००४ मध्ये जाहीर केलं, २००९ मध्ये विकायला काढलं. तोही फिकट जांभळाच. एकदा एका मुलीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग पाटी खोटी आहे." मुद्रितशोधक म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फूल तोडणाऱ्यांवर मी आता चिडत नाही. "एकच घेते हो," असं म्हणणाऱ्या, बाग बघायला आलेल्या एका बाईंना मी एकदा सांगितलं, घेताय तर नीट घ्या, आणि पाच पर्णिकांच्या पानावर कसा काप द्यायचा ते दाखवलं. दादांनी ते पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की मी चोराला कुलूप उघडायला शिकवलं. चूक माझीच.

वर्षअखेरीस ५९ पैकी ५८ नावं जागेवर बसली. आता पाट्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या आहेत, झाडाला सैल तारेने अडकवलेल्या, आणि मजकूर साध्या पेन्सिलने लिहिलेला. मला पेन्सिल हास्यास्पद वाटली होती, पण धातूवर पेन्सिल शाईपेक्षा कितीतरी जास्त टिकते. शिवाय खोडता येते, हे मी मनातल्या मनात.

राहिलं ते क्रमांक १५. फिकट गुलाबी फूल, पाकळीची मागची बाजू गडद, काटे अगदी तुरळक आणि वास फक्त पहिल्या सकाळी. बाईंनी तीन नावं सुचवली, दादांनी एक. काट्यांच्या आणि पानांच्या कसोटीवर चारही बाद झाली. वहीतलं उरलेलं नाव त्याला लागू होत नव्हतं. ती जात बहुधा केव्हाच मेली आणि तिच्या जागी कुणीतरी हे आणून लावलं. झाड जुनं, बुंधा पोखरलेला, एक बाजू वरून खाली वाळत आलेली. दादा म्हणाले, "याचे डोळे भरून ठेवू. तुम्ही भरा."

डोळे भरायला अशी काडी घेतात जिचं फूल नुकतंच गळलं आहे. पक्व झाली का ते काट्याला विचारायचं: टक् करून सुटला की झाली. पानं कापायची, पण देठाचा तुकडा मुठीसारखा ठेवायचा. खुंटाच्या सालीवर जमिनीलगत इंग्रजी टीच्या आकाराचा काप, चाकूच्या टोकाने साल दोन्हीकडून हळूच उचलायची. खुंटात रस असेल तर ती ओल्या पाकिटासारखी उघडते. मग काडीवरून डोळा ढालीसारखा काढायचा, इंचभर लांब, मागचा लाकडाचा पापुद्रा सोडवायचा, देठाला धरून पाकिटात सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून वरखाली पट्टी गुंडाळायची. सगळं मिनिटभरात, कारण कापलेली बाजू सुकली की संपलं.

मी तीन भरले. हात थरथरत होता, पण जमलं असं वाटलं. दादा वाकले, पहिल्या खुंटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा कुठे निघालाय?" देठ वर होता आणि डोळा त्याच्या खाली. उलटा भरला होता. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मी हजारो प्रुफांतून उलटे बसलेले खिळे शोधून समासात खुणा केल्या होत्या. तो डोळा काढून फेकला आणि दुसरा भरला.

पुढचे तीन आठवडे मी फक्त देठ बघत होतो. देठ सुकून घट्ट चिकटून राहिला तर डोळा गेला; पिवळा पडून बोटाच्या स्पर्शाने गळला तर लागला. पहिल्याचा चिकटला. दुसऱ्याचा रविवारी सकाळी बोट लावताच पडला आणि खाली हिरवा डोळा टुणटुणीत. तिसऱ्याचाही. दादांनी सिकेटर माझ्या हातात दिला आणि डोळ्याच्या वरचा सगळा खुंट उतरवायला लावला. वर्षापूर्वी ज्या खुंटाला मी काठी बांधून पाणी घातलं होतं, तसाच पोपटी, जोमदार. कापताना जरा वाईट वाटलं.

दोन्ही रोपं पिशव्यांत ओळीला लागली. दादांनी दोन कोऱ्या पट्ट्या पुढे केल्या. "नाव काय लिहिताय?"

मी पेन्सिल घेतली आणि दोन्हींवर लिहिलं: '१५ वरून'.